फरशी काढल्याला १४ महिने झाले: घरामागच्या बागेची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की ९ चौरस मीटर फरशी उखडून झाली, आता लावणी. घाई झाली. फरशीखाली माती नव्हतीच म्हणा ना. वीतभर चुन्या-विटांचा चुरा आणि त्याखाली दगडासारखी दाबलेली पिवळी माती. एक हातभर खड्डा खणून पाण्याने भरला, मुरू दिला, पुन्हा भरला आणि पट्टी लावून पाहिलं. तासाभरात पाणी जेमतेम १ सेंटीमीटर उतरलं. फरशी काय आणि ही माती काय, पावसाला दोन्ही सारख्याच!

म्हणून लावणी थांबवली. चुरा काढला, माती फोर्कने नुसती सैल केली (उलटीपालटी केली नाही), वर कंपोस्ट आणि चार बोटं जाड पालापाचोळा. बाकी काम गांडुळांनी केलं. परवा पाचोळा बाजूला सारून त्याच जागी पुन्हा खणलं, तर खड्ड्याच्या कडेला पेन्सिलएवढी बिळं दिसली आणि त्यांतून पांढरी मुळं खाली गेलेली. त्या खड्ड्यात आता तासाला ६ सेंटीमीटर पाणी उतरतं. हा आकडा वहीत लिहिताना फार आनंद झाला.

छपराचा पन्हळही आता बागेतल्या खोलगट वाफ्याकडे वळवला आहे. हिशोब सोपा आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. माझ्या २४ चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पडला की २४० लिटर, जे पूर्वी थेट गटारात जायचं. पहिल्या जोरदार सरीत मात्र वाफा भरून पाणी घराच्या भिंतीकडे आलं. जादा पाण्याला वाट ठेवली नव्हती, चूक माझीच. आता उताराच्या बाजूला दगडांची चारी केली आहे, आणि वाफा दिवसभरात कोरडा होतो, म्हणजे डासांचीही भीती नाही.

उन्हाचं सांगतो. भर दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटरने उरलेली फरशी ५४ अंश, झुडपाखालचा पाचोळा ३१. हवेच्या तापमानात मात्र फरक जवळजवळ नाही. एवढ्याशा बागेने हवा गार होत नाही, वारा ती लगेच वाहून नेतो. पण अंगाला जाणवते ती तापलेल्या फरशीची धग, आणि ती खरोखर कमी झाली आहे. संध्याकाळी तर जास्तच, कारण फरशी दिवसभराची उष्णता रात्रभर सोडत राहते.

मला या १४ महिन्यांत पटलेली गोष्ट ही, की पाऊस जिरवणं आणि ऊन सोसणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता शोषली जाते, पण ते पाणी मुळांपाशी हवं. माती सुकली की पानं आपली रंध्रं, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, मिटतात. सावली उरते, बाष्पाचा गारवा जातो. म्हणून कुंड्या वाढवण्याआधी जमीन उघडी करा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

शेजारच्यांनी सामाईक कुंपणालगतच्या त्यांच्या दोन ओळी फरशी काढायला होकार दिला आहे. पुढच्या आठवड्यात पहार घेऊन तिकडे जातोय. आधी खड्ड्याची चाचणी, मग लावणी.