साइट पाच, सेंट्रिंगचं सामान एकच

एका बिल्डरच्या चार-पाच साइट एकदम चालू असल्या की प्रत्येकीचा बारचार्ट (कुठलं काम कधी, हे दाखवणारा तक्ता) सुटा पाहिला तर सगळं आलबेल दिसतं. प्लॅनिंगच्या टेबलावर बसून मला एवढं कळलंय की साइटसाइटला फिरणारं सामान, पंप, माणसं आणि पैसा यांची टक्कर कुठल्याच चार्टात दिसत नाही.

सेंट्रिंगचंच घ्या, म्हणजे ओलं काँक्रीट तोलून धरणारा तात्पुरता साचा आणि टेकू. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचे जॅक (खालचे उभे टेकू) ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस हलवायचे नाहीत. ६ मीटरपेक्षा लांब बीमला २१ दिवस. फ्लाय ॲशचं (कोळशाची राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर मुदत आणखी वाढवून घ्यावी लागते. आता पहिल्या साइटचा १४ दिवसांवाला स्लॅब ६ तारखेवरून १० वर गेला, तर जॅक २० ऐवजी २४ ला सुटणार. दुसऱ्या साइटच्या चार्टात मात्र २० तशीच असते. तिथला ठेकेदार माणसं उभी करतो, हजेरी चढत राहते, आणि मग फोन येतो, "साहेब, चार दिवस आधी खोललं तर काय बिघडतंय?" बिघडतं असं, की कच्चा स्लॅब मधोमध झुकतो, खालून बारीक चिरा पडतात आणि तो झोल पुन्हा वर येत नाही.

म्हणून साइटवार चार्टाच्या जोडीला एक सामानवार तक्ता लागतोच. प्लेटा, स्पॅन (प्लेटांखालचे आडवे लोखंडी बीम) आणि जॅकच्या प्रत्येक संचाला एक ओळ. सुटायची तारीख काँक्रीट प्रत्यक्ष ओतलं त्या दिवसापासून मोजायची, ठरलेल्या दिवसापासून नाही. गाडी हलताना चलनावर नग लिहायचे आणि उतरवताना पुन्हा मोजायचे. 'एक संच' एवढंच लिहिलं की पिना आणि क्लॅम्प हमखास कमी भरतात.

सळई तपासणारा सीनियर इंजिनिअर एकच असेल तर दोन स्लॅब एका दिवशी लावू नयेत. दुसऱ्या ठिकाणी कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे) कुणी बघत नाही.

राखीव दिवसांचा घोळ वेगळाच. प्रत्येक साइट आपापले आठ-दहा दिवस हाताशी ठेवते, पण पाऊस, दिवाळी, छठ सगळ्यांना एकदमच येतात. मेच्या अखेरीस, पावसाआधी, पाचही जणांना काँक्रीटच्या प्लांटची सकाळचीच वेळ हवी असते.

पैशात तर कायदाच आडवा येतो. रेरा या घरबांधणीच्या कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि काढायचे तेही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीएच्या दाखल्यांवर, झालेल्या कामाच्या प्रमाणात. एका साइटच्या पैशावर दुसरीचं स्टील उचलायचं गणित तिथेच अडतं. म्हणून कॅशफ्लोही प्रकल्पागणिक वेगळा मांडावा.

सामान आधी कुठे जाणार हे ठरवणारा माणूस मात्र एकच हवा, आणि त्याचं नाव तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेलं हवं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा, त्याच्या गेटवर ट्रक लागतो.