गुडघ्यातले पाणी आणि आतली चरबी

माझ्या मावशीच्या उजव्या गुडघ्यावर, वाटीच्या वरच्या अंगाला, गेली काही वर्षे मऊ आणि फारशी न दुखणारी सूज येत असे. ती मध्येच ओसरे आणि पर्वतीच्या पायऱ्या चढून आल्यावर, तर कधी काहीच कारण नसताना, पुन्हा भरून येई. सुईने काढलेले पाणी पिवळसर, स्वच्छ निघे. त्यात ना जंतू सापडत ना युरिक ॲसिडचे स्फटिक, आणि रक्तातील ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी चाचणी) व आरए फॅक्टर (संधिवाताची चाचणी) हेही नॉर्मल येत. आपल्याकडे एकच सांधा असा चिवटपणे सुजत राहिला की क्षयाची शंका घ्यावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वारंवार पाणी काढूनही एमआरआय इतक्या उशिरा सुचवला गेला याची.

त्या एमआरआयमध्ये सांध्याच्या अस्तरातून फुटलेले झालरीसारखे असंख्य पदर पाण्यात लोंबताना दिसले. त्यांचा उजळपणा त्वचेखालच्या चरबीइतकाच होता आणि चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या चित्रांत ते त्या चरबीबरोबरच काळे पडले. निदानासाठी हीच खूण मोलाची ठरते, कारण अशाच सुजेच्या दुसऱ्या एका विकारात, पीव्हीएनएसमध्ये, अस्तरात रक्तातील लोह साचते आणि चित्र निराळे दिसते.

या विकाराला लायपोमा आर्बोरेसन्स म्हणतात. अस्तराखालच्या थराची जागा पक्व चरबीपेशी घेतात आणि अस्तर फुगून लोंबू लागते. हा कर्करोग नव्हे. सांध्याची झीज, संधिवात किंवा जुनी दुखापत यांमुळे अस्तर दीर्घकाळ चिडचिडत राहिल्याची ही प्रतिक्रिया असावी, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. गुडघ्याखेरीज खांदा, खुबा वा कोपर यांत तो क्वचितच आढळतो. अंगावरच्या चरबीशी त्याचा संबंध नाही. मावशी मुळात काटकुळी, तरी ‘चरबी’ शब्द कानी पडताच शेजारच्या काकूंनी तिचे तूप बंद करवले होते!

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते अस्तर काढले, आणि बायोप्सीनेही निदान पक्के केले. अस्तर काढल्यावर हा विकार सहसा पुन्हा होत नाही. मावशीच्या सांध्याची झालेली झीज मात्र शस्त्रक्रियेने भरून येत नाही, त्यामुळे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम रोजचेच झाले असून जिना उतरताना ती अजून कठडा धरते.