पहिलं नको

शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसे बघायची सवय आहे, त्यात आज दुपारी ते कार्ड सापडलं. हातकागदाचं, जाड, लग्नपत्रिकेने लाजावं असं. त्यावर नऊ ओळी. ‘अळू, चिंच, धूर.’ ‘भात, दोनदा.’ आणि सातव्या ओळीत नुसतंच ‘आजोळ’.

भाचीला पहिला बोनस मिळाला म्हणून तिने शनिवारी लोअर परळला नेलं होतं. टेस्टिंग मेन्यू. म्हणजे निवडायचं काही नाही, येईल ते खायचं. येईल ते खायला माझी कधीच हरकत नसते. पण आलं काय, तर काळ्या दगडावर शर्टाच्या बटणाएवढं थालीपीठ. मग तुपाची पावडर. (तूप रवाळ असावं हे मान्य, पण कोरडं?) मग द्रवरूप नायट्रोजनच्या ढगातून पेरू आला. तो नायट्रोजन उणे 196 अंशांचा असतो, हे वाढणाऱ्या मुलाने सांगितलं. मी म्हटलं, आमच्या शाळेच्या दारात तिखटमीठ लावून मिळायचा. तर तो म्हणाला, ‘एक्झॅक्टली, सर!’ प्रत्येक पदार्थाआधी त्याचं भाषण, आणि भाषण पदार्थापेक्षा मोठं. सत्यनारायणाची कथा ऐकली की निदान मूठभर शिरा तरी मिळतो.

जागा गिरणीच्या आवारातली. भिंतीवर शोभेला जुन्या बॉबिन लावलेल्या. याच भागात खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायच्या. प्रेमा पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्यांच्यासाठीच, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. हे मी भाचीला सांगायला लागलो, तेवढ्यात पाचवा पदार्थ आला आणि तिला फोटो काढायचा होता.

सातवा मात्र खरा निघाला. पांढऱ्या वाडग्यात रुपयाएवढी पुरणपोळी, आणि तो मुलगा तांब्याच्या चिमुकल्या किटलीतून वरून काहीतरी ओतायला वाकला. वास आला. कटाची आमटी. गोडा मसाला, चिंचगूळ, खोबऱ्याची फोडणी, अगदी तीच. आणि मी काय करावं? वाडग्यावर हात आडवा धरला आणि म्हणालो, ‘नको नको, पुरे.’

‘शुअर, सर,’ म्हणाला आणि किटली घेऊन गेला.

वाईला आजोळी श्रावणातल्या शुक्रवारी पुरण असायचं. माजघरात पंगत, स्वयंपाकघरातून धूर, आणि मामी ओगराळं घेऊन यायची. आजोबा पानावर असा हात आडवा धरायचे की जणू तोफ अडवतायत. मामी थांबायचीच नाही. हात आणि द्रोण यांच्यामध्ये कुठून तरी फट शोधून आमटी पडायचीच, थोडी द्रोणात, थोडी आजोबांच्या मनगटावर. ते ‘अगं, अगं’ म्हणत मनगट चाटायचे. पहिलं नको रीतीचं, दुसरं भिडेचं. तिसरं आलं की मामी तोंडाकडे बघायची आणि मगच पुढच्या पानाकडे सरकायची. मला वाटतं, आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी हे येत असावं. पहिल्याच हाकेला ‘हो, वाढा’ म्हणणारा पाहुणा अधाशी. पहिल्याच नकोला परत फिरणारी वाढणारी... तिला काय म्हणत असत कोण जाणे, तशी कोणी पाहिलीच नाही.

त्या पोराची काही चूक नाही. नको म्हणजे नको, असंच त्याला शिकवलेलं असणार, आणि बाकी जगात ते बरोबरच आहे. परत हाक मारून मागायची मला लाज वाटली. समोर भाची चमच्याने तळ खरवडत होती. ‘मामा, तू का नाही घेतलीस? हीच तर बेस्ट होती.’

‘पित्त होतं गं मला,’ म्हटलं.

पुढचे दोन पदार्थ काय होते, ते आत्ता कार्ड वाचून कळलं.

कार्डाच्या मागे अभिप्रायासाठी चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. कागद चांगला आहे, टाकवेना. पेन काढलं आणि लिहिलं: हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, गूळ पाव, सुकं खोबरं, चिंच. वेलदोडे घरात आहेत.