दशकाच्या घरात २, एककाच्या घरात १७

डी.एल.एड. या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमाच्या सराव पाठांचं निरीक्षण करायला मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका शाळेत गेले होते. दुसरीचा वर्ग, बहुतेक मुलं कोरकू ही आदिवासी भाषा बोलणारी. पाठ घेणारा छात्राध्यापक बुलढाण्याकडचा, मेहनती. पाठाचं नेटकं टाचण, चिंचोक्यांच्या पिशव्या, दशक-एककाची घरं आखलेले कागद. तयारीत नाव ठेवायला जागा नव्हती.

एका मुलीपुढे ५७ चिंचोके होते. तिने दशकाच्या घरात २ लिहिले, एककाच्या घरात १७. त्याने लाल फुली मारली आणि वहीत नोंदवलं : 'स्थानिक किंमत समजलेली नाही. भाषेची अडचण.'

'भाषेची अडचण' या शेऱ्याची मला चीड आहे. तो लिहिला की पुढे कोणी काही शोधत नाही.

कागद बाजूला ठेवून मी चिंचोके पाहिले. वीस-वीसचे दोन ढीग, सतरा सुटे. कोरकूत विसाच्या गटांनी मोजतात; आपल्याकडची जुनी माणसंही साठाला तीन विसा म्हणायची. म्हणजे डावीकडे गट, उजवीकडे सुटे, हे तिला पक्कं कळलं होतं. गट दहाचाच का, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. खात्री करायला ८३ चिंचोके दिले. तिने ४ आणि ३ लिहिले. छात्राध्यापकाने वाचलं, "त्रेचाळीस." चौथीतला एक मुलगा दुभाषी होता. त्याने तिला विचारून सांगितलं, "चार वेळा वीस आणि तीन."

पाठानंतर छात्राध्यापक म्हणाला, "मॅडम, पण परीक्षेत हे चूकच धरणार ना?"

धरणारच. आपलं अंकलेखन दहावर उभं आहे आणि ते तिला यायलाच हवं. पण वाट तिच्याच ढिगांतून जाते. विसाचा प्रत्येक ढीग अर्धा केला की चार दशक होतात, सतरातून आणखी एक निघतो, उरतात सात. हे करायला शिक्षकाची नजर आधी ढिगावर जायला हवी. आमच्या निरीक्षण तक्त्यात प्रस्तावनेला गुण आहेत, फलकलेखनाला आहेत. मुलाने उत्तर कसं काढलं हे शिक्षकाने विचारलं का, याला एक ओळही नाही. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या सत्तावीसऐवजीच्या 'वीस सात' वरून राज्यभर केवढा वाद झाला! माझ्या कानावर आलेल्या त्या चर्चेत मेळघाटातल्या मुलांची मोजणी एकदाही निघाली नाही.

उद्या या छात्राध्यापकाला नोकरी लागेल ती गोंडी बोलणाऱ्या गावात, नाहीतर पावरी. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात आम्ही त्याला किती भाषा शिकवणार? म्हणून निदान 'कसं मोजलंस, दाखव' एवढं विचारायची सवय तरी लावायची. पुढच्या टाचणात त्याला तसा रकाना वाढवायला सांगितलाय. त्या मुलीला दहाच्या गटावर लगेच आणायचं, की आधी विसाच्या गटांनी मनसोक्त बेरजा करू द्यायच्या, यावर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो लगेच, वर्ष संपत आलंय. मला वाटतं, थांबावं.