मुलाखत घेणारीच उमेदवार झाली
आज बसमध्ये क्लोई स्वारब्रिकचं न्यूझीलंडच्या संसदेतलं २०१९ चं भाषण पुन्हा ऐकलं. झिरो कार्बन विधेयकावरचं, म्हणजे २०५० पर्यंत देशाचं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायच्या कायद्यावरचं. २०५० साली आपण ५६ वर्षांच्या असू, असं ती सांगते, तेव्हा अंगावर काटा येतो.

मूळची ही विद्यार्थी रेडिओवरची पत्रकार. ऑकलंडच्या महापौरपदाच्या उमेदवारांशी बोलून समाधान होईना, लोक मतदानाला फिरकेनात, म्हणून २०१६ मध्ये, २२ व्या वर्षी स्वतःच उभी राहिली. पाठीशी पक्ष नाही, तरी तिसरी! पुढच्याच वर्षी ग्रीन पक्षाची खासदार.

ज्यांना पुढची पन्नास वर्षं हे हवामान सोसायचंय, ते सभागृहात हवेतच, असं मला मनापासून वाटतं.

जेवताना लेकीला हे सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "आपल्याकडे नगरसेवक व्हायला वय किती लागतं?"

"एकवीस," म्हटलं.