येऊरच्या मचाणावर
बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेसाठी काल रात्र ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात, पाणवठ्याजवळच्या मचाणावर काढली. चांदणं इतकं लख्ख की टॉर्चची गरजच पडली नाही. आधी रानडुकरांचं बिऱ्हाड आलं, चिखलात लोळून गेलं. मग रातवा पक्ष्याची चक-चक, आणि दुरून कुठल्यातरी बंगल्यावरचा डीजे (नॅशनल पार्कच्या कुशीत, धन्य आहे!).

मध्यरात्रीनंतर मात्र सांबर अचानक ‘पोंक’ करून ओरडलं, झाडावरची वानरं खाकरू लागली. सोबतच्या वनरक्षक दादांनी नुसतं बोट वर केलं. बिबट्या! दिसला नाहीच. पण सांबर उगाच ओरडत नाही. माझ्या मते तो तिथंच झुडपाआड होता. आमच्या तक्त्यात बिबट्यापुढे अर्थातच शून्य. डासांना रकाना असता तर आमचं मचाण पहिलं आलं असतं.