ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेलेलं रक्त मोजायला शिकले (आणि फजिती झाली) – माझा अनुभव

ॲनेस्थेशियाच्या फर्स्ट इयरला होते, जेमतेम दुसरा महिना. केस हिप रिव्हिजनची, म्हणजे आधी बसवलेला सांधा काढून नवा बसवायचा, रक्त बरंच जातं. ॲनेस्थेशियाच्या मॅडम म्हणाल्या आज लॉस, म्हणजे किती रक्त गेलं ते, तू मोज, आणि मला अंदाज नको, आकडा सांग.

पेशंट एक आजी, वजन 55 किलो. बायकांचं किलोमागे 65 मिली धरलं तर अंगात रक्त साधारण 3575 मिली. हिमोग्लोबिन 10.5, ते 8 च्या खाली न्यायचं नाही असं ठरलेलं, म्हणजे फॉर्म्युल्याने 950 मिलीच्या आसपास गेलं तर चालेल, पुढे रक्ताची बॅग लावायची.

दीड तासाने ऑपरेशन करणाऱ्या सरांना विचारलं तर पडद्यापलीकडून "असेल चारशे". सक्शन जार (जखमेतून ओढलेलं रक्त जमा होतं ती बरणी) बघते तर 1400! मी जवळजवळ किंचाळलेच. मॅडम शांतपणे, "अगं, वॉश किती गेला?" जखम धुवायला ओतलेलं सलाईन पण त्याच जारमध्ये येतं हे माझ्या डोक्यातच नाही. सिस्टरना विचारलं, 900 गेलेलं. म्हणजे जारमधलं रक्त 500.

मग मॉप, म्हणजे रक्त टिपायची जाड कापडं. सिस्टरनी काउंट करून बाजूला ठेवलेले 8 मॉप, स्वयंपाकघरात असतो तसला डिजिटल काटा. सगळे मिळून 856 ग्रॅम, कोरडा मॉप आमच्याकडे 22 ग्रॅमचा, तेवढं वजा केलं की 680, आणि एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. सिस्टर म्हणाल्या लगेच कर गं, वाळले की वजन कमी भरतं, आणि सलाईनमध्ये भिजवून दिलेले मॉप यात धरू नकोस. काउंट टॅली होईपर्यंत एकही मॉप ओटीबाहेर न्यायचा नाही ही तंबी वेगळी.

एकूण 1180. तरी माझं चालूच, "पण मॅडम आत्ताच्या रिपोर्टला एचबी (हिमोग्लोबिन) 10 आहे की." तेव्हा कळलं की रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी एकत्रच जातं, त्यामुळे एचबी लगेच पडत नाही, सलाईन भरत गेलं की मग खाली येतं. तोवर पल्स 112 झालेली. बॅग लावली.

ड्रेपवरचं (पेशंटवर घातलेल्या चादरींवरचं), सरांच्या गाऊनवरचं आणि फरशीवरचं कसं मोजायचं हे मात्र कुणीच सांगितलं नाही. चार्टवर मी लिहिलं, 1180, चादरी आणि फरशी सोडून. मॅडमनी खाली सही केली, खोडलं नाही.